स्लॅब ते स्लॅब बावन्न दिवस : बांधकामाचा माल अडतो तेव्हा नक्की काय अडतं?

ओळंबा

नमस्कार मंडळी. मी कराडचा, लहान कंत्राटदार. वर्षाला तीन-चार घरं आणि जमलं तर एखादी तळमजला अधिक तीनची इमारत, एवढा माझा पसारा. सध्या अशीच एक इमारत चालू आहे. तिच्या पहिल्या स्लॅबपासून दुसऱ्या स्लॅबपर्यंत ५२ दिवस गेले. मी धरले होते २२. वरचे ३० दिवस कुठे गेले ते रोजनिशी उघडून काढलं, कारण मालकासमोर बसून उत्तर द्यायचं होतं.

८ एमएम सळई नाही म्हणून ५ दिवस. १६ आणि १२ एमएमची थप्पी साइटवर पडलेली, कॉलमच्या सळया उभ्या, फक्त त्यांना बांधायच्या ८ एमएमच्या रिंगा नाहीत. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, नाही म्हणून ८ दिवस, कारण आमच्या पट्ट्यातले क्रशर रॉयल्टीच्या तपासणीत बंद. पंख्याचे बॉक्स आणि स्लॅबमधले पाइप आले नाहीत म्हणून ३ दिवस. अवकाळीचे ४. आणि सेंटरिंगची, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या-टेकू बांधणारी, टोळी मध्येच दुसऱ्या साइटला पळाली त्याचे १०.

सिमेंटमुळे एकही दिवस गेला नाही, आणि मी सगळी काळजी सिमेंटचीच केली होती.

दर वाढला तर पोटाला चिमटा घेऊन सोसता येतो. दिवस गेले की ते कुठून भरून काढायचे? तुमच्याकडे काय होतं? माल आधीच भरून ठेवणं हा उपाय खरंच चालतो का, की त्यात पैसे अडकून दुसरीच पंचाईत होते? मोठ्या कामावरच्या लोकांनीही लिहा. तुमच्याकडे हे आधी कळायची काही सोय असते का?

जालना_जंक्शन

ओळंबा, तुमचे ८ एमएमचे ५ दिवस आमच्या गावात गेलेत असं समजा. मी जालन्यात सळईच्या व्यापारात आहे.

रोलिंग मिल एका वेळी एकच साइज काढते. साइज बदलायची तर रोल बदलावे लागतात, त्यात वेळ जातो. ८ एमएम बारीक, टनाला वेळ जास्त लागतो आणि तेवढ्याच तासांत माल कमी निघतो. म्हणून मिलवाला १२-१६ भरपूर काढतो आणि ८ चा रोल ऑर्डरी साचल्या की लावतो. त्यात वीज गेली किंवा भट्टी बंद राहिली की पहिल्यांदा मागे पडतं ते ८ एमएम. गिऱ्हाईक म्हणतो 'सळई आहे का?' आणि दुकानदार म्हणतो 'आहे'. दोघंही खरं बोलत असतात.

पुढच्या वेळी टनात ऑर्डर देऊ नका, साइजवार द्या. आणि पहिल्या गाडीत ८ एमएम मागा. जाड सळई शेवटच्या गाडीत आली तरी ती मिळतेच.

अंजली_वाई

वाचतेय. आमचं घर वाईत चालू आहे. गवंडी काका रोज 'उद्या माल येतोय' म्हणतात आणि मी रोज चहा टाकते. आतापर्यंत माल कमी आणि चहा जास्त झालाय. 🙂

मीनल_नियोजन

मी पुण्यात मोठ्या प्रकल्पांवर नियोजनाचं काम करते. ओळंबा यांनी विचारलंय म्हणून सांगते, 'आधी कळायची सोय' आमच्याकडे कागदावर भरपूर असते. महिन्याला जोखमींची यादी होते, प्रत्येकीला लाल-पिवळा-हिरवा रंग दिलेला असतो. पण जे खरं आडवं येतं ते त्या यादीत क्वचित असतं.

एप्रिल २०२१ चं सांगते. दुसरी लाट शिखरावर होती. आमच्या कामावर पोलादी सांगाडा उभा राहत होता. सळई होती, प्लेटा होत्या, क्रेन होती, परवानगीही होती, कारण कामगार साइटवरच राहत होते. २२ एप्रिलपासून केंद्राने मोजके उद्योग सोडून बाकी सगळ्यांचा ऑक्सिजन थांबवला आणि दवाखान्यांकडे वळवला. ते करायलाच हवं होतं, त्याबद्दल दुमत नाही. पण ऑक्सिजनवर चालणारं लोखंडाचं गॅस कटिंग बंद पडलं. ऑक्सिजनचा सिलिंडर आमच्या कुठल्याच यादीत 'महत्त्वाचा माल' नव्हता. एकूण खर्चात त्याचा वाटा शोधायला भिंग लागेल. तो नाही म्हणून शंभर माणसं हात बांधून बसली होती.

ओळंबा, तुमचा पंख्याचा बॉक्स आणि माझा सिलिंडर एकच गोष्ट सांगतात. किमतीने मोठा माल आणि काम अडवणारा माल यांची यादी वेगळी असते. आपण पहिली यादी जपतो. आता मी प्रत्येक स्लॅबआधी उलटं विचारते, यातली कुठली वस्तू नसेल तर उद्या सकाळी काँक्रीट ओतता येणार नाही? त्या यादीत सळईखाली ठेवायचे कव्हर ब्लॉक असतात, सळई बांधायची बाइंडिंग वायर असते, काँक्रीट दाबून बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई असते.

ओळंबा

मीनलताई, व्हायब्रेटरची सुई! आमची दोन वर्षांपूर्वी ऐन स्लॅबला तुटली होती. शेजारच्या गावातून मोटरसायकलवर दुसरी आणली, पाठीवर घेऊन.

चिरेबंदी

साठवणुकीबद्दल कोकणातून लिहितो. आमच्याकडे आगोट ही पद्धतच आहे. मिरगाच्या आत घरात तांदूळ, मीठ, सुकी मासळी, लाकूडफाटा भरायचा. बांधकामाचंही तसंच. चिरा, म्हणजे जांभा दगड, खाणीतून पावसात निघत नाही, खाणीत पाणी भरतं. म्हणून ज्याचं घर चालू आहे तो मे महिन्यात चिरा उतरवून घेतो आणि अंगणात रचून ठेवतो. आमच्या आज्याने घर बांधलं तेव्हा दोन पावसाळे चिरा अंगणात होता. चिऱ्याला काही होत नाही, उलट मुरतो.

पण रस्ता ही वेगळीच गोष्ट. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा वाशिष्ठीच्या पाण्याने बाजारपेठेतली गोदामं भरली. माझ्या ओळखीच्या एकाची सिमेंटची पोती सोमवारी शंभर होती आणि शनिवारी शंभर दगड होते. पोत्याच्याच आकाराचे. त्याने ते फोडून अंगणाच्या बांधाला लावले, अजून आहेत. पुढच्या उन्हाळ्यात मुंबई-गोवा महामार्गावरचा परशुराम घाट रुंदीकरणासाठी महिनाभर दुपारी पाच तास बंद ठेवायचे. तेव्हा मुंबईकडून येणारी टाइल्सची गाडी घाटाच्या तोंडाशी थांबायची आणि इथे फरशीवाला दिवसाचे पैसे मोजून घ्यायचा.

साठवा, पण काय साठवताय ते बघून.

सेवानिवृत्त_उपअभियंता

चिरेबंदी यांच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. सिमेंट साठवू नका. आम्हाला नोकरीत पहिल्याच वर्षी शिकवलं होतं की तीन महिने पडलेल्या पोत्याची साधारण पाचवा हिस्सा ताकद जाते, आणि दमट हवेत त्याहून जास्त. दहा पोत्यांपेक्षा उंच थप्पी लावू नये, भिंतीपासून फूटभर लांब, खाली फळ्या. ओळंबा, तुम्ही सिमेंटची काळजी केलीत त्यात तुमचा दोष नाही, ती आमच्या पिढीची भीती तुमच्या अंगात उतरली आहे.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसेल, एके काळी सिमेंट परमिटवर मिळायचं. घराचा नकाशा घेऊन अर्ज करायचा, मग किती पोती ते ठरायचं. मुलीच्या लग्नासाठी साखरेचं आणि घरासाठी सिमेंटचं परमिट, दोन्ही एकाच पिशवीत घेऊन लोक तहसीलला खेपा घालायचे. १९८२ साली हे नियंत्रण अर्धवट उठलं आणि १९८९ साली पूर्ण. माझ्या वडिलांनी घराचं जोतं बांधून सिमेंटसाठी वर्षभर वाट पाहिली. आम्ही भावंडं त्या जोत्यावर विटी-दांडू खेळत मोठे झालो.

आता दराविषयी. सरकारी कामात 'स्टार रेट' असतो. निविदेतच सिमेंट, सळई, डांबर यांचा पायाभूत दर लिहिलेला असतो. काम चालू असताना बाजार चढला तर फरक कंत्राटदाराला मिळतो, उतरला तर बिलातून कापला जातो. खाजगी कामात, विशेषतः घरांच्या कामात, शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर 'चौरस फुटाला इतके' एवढंच लिहितात आणि सगळी जोखीम कंत्राटदाराच्या डोक्यावर टाकतात. कंत्राटदार ती झेलू शकत नाही, मग काम रेंगाळतं. मालकाला वाटतं आपण दर पक्का केला. त्याने दर पक्का केलेला असतो, घर नाही.

जालना_जंक्शन

उपअभियंता साहेब, २०२२ आठवा. २४ फेब्रुवारीला रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं आणि मार्च-एप्रिलमध्ये सळई टनाला सत्तर हजारांच्या वर गेली. लोक मला विचारायचे, जालन्याच्या भट्ट्या भंगारावर आणि विजेवर चालतात, युक्रेनचा काय संबंध? संबंध असा, की भंगारासोबत स्पंज आयर्न (खनिजापासून केलेलं कच्चं लोखंड) लागतं, स्पंज आयर्नला कोळसा लागतो, आणि जगात कोळशाचा दर पेटला होता. शिवाय मोठ्या कारखान्यांचा दर चढला की आमचा मागोमाग चढतोच. मे महिन्यात सरकारने पोलादाच्या अनेक प्रकारांवर १५ टक्के निर्यात शुल्क लावलं, दर घसरला. नोव्हेंबरात ते उठवलं.

मला त्या काळातली सगळ्यात वाईट गोष्ट वाटली ती दराची नाही. दर चढताना प्रत्येकाने गरजेच्या दुप्पट ऑर्डर टाकली. दहा टन लागत असेल त्याने वीस सांगितलं. दुकानदाराने ते बघून पन्नासचे शंभर केले. मिलला वाटलं मागणी उसळली. आणि दर पडायला लागल्यावर त्याच लोकांनी फोन उचलणं बंद केलं. ज्यांना खरोखर माल हवा होता त्यांना मार्चमध्ये मिळाला नाही, आणि जूनमध्ये माल गोदामात लोळत होता. तुटवडा निम्मा युद्धाने केला आणि निम्मा आपल्या घाबरण्याने. म्हणून 'भरून ठेवा' म्हणणाऱ्यांना माझा विरोध आहे.

वीटभट्टी_कोरेगाव

जालनावाले, विरोध मान्य, पण विटेला तो लागू नाही. भट्टी दिवाळीनंतर लागते आणि पावसाच्या आत विझते. वर्षाच्या विटा त्याच सात महिन्यांत होतात. मार्चमध्ये अवकाळी आला की थापलेल्या कच्च्या विटांचा रात्रीत चिखल होतो. पथारीवर उघड्या हजारो विटा, प्लास्टिकचा कागद किती जागी टाकणार? माती परत मळता येते, थापणाऱ्याची मजुरी परत मिळत नाही. त्यांना उचल दिलेली असते, हंगामाच्या शेवटी हिशोब. मग एप्रिलमध्ये वीट महागते आणि गिऱ्हाईक म्हणतं लुटायला बसलेत.

ज्याला ऑगस्टमध्ये वीटकाम करायचंय त्याने मेमध्येच वीट उतरवून घ्यावी. यात घाबरणं नाही, शहाणपण आहे.

चिरेबंदी

+१. आगोट!

ट्रान्झिट_मिक्सर

रेडीमिक्स, म्हणजे तयार काँक्रीटच्या, प्लांटवर गुणवत्ता विभागात आहे. क्रश सँडवर कोणीच सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहितो. मला वाटतं ओळंबांच्या ३० दिवसांतला खरा खलनायक तीच आहे.

नदीची वाळू आमच्या भागातून बहुतेक हद्दपार झाली. २०१२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, पाठोपाठ हरित लवादाचे आदेश, पर्यावरण मंजुरी, लिलाव, आणि पावसाळ्यात उपसा बंद. नदीच्या दृष्टीने ते योग्यच आहे. कृष्णेची, कोयनेची पात्रं खरवडलेली मी पाहिली आहेत. २०२३ मध्ये सरकारने डेपोवरून ६०० रुपये ब्रासने (शंभर घनफुटांना) वाळू द्यायचं धोरण आणलं, पुढे २०२५ मध्ये ते बदलून कृत्रिम वाळूवर भर दिला. म्हणजे सगळा भार आता खडी क्रशरवर. एक क्रशर बंद झाला तर खडीही गेली आणि वाळूही गेली. पूर्वी दोन वेगवेगळ्या वाटा होत्या, आता एकच आहे.

लोक म्हणतात, 'एक क्रशर बंद, तर दुसऱ्याची आणा.' तसं होत नाही. प्रत्येक क्रशरच्या वाळूतली भुकटी वेगळी, दाण्याचा आकार वेगळा. काहींमध्ये वरच्या थरातली माती मिसळलेली असते. ती पाणी आणि केमिकल दोन्ही पिते. वाळू बदलली की मिक्स पुन्हा जुळवावं लागतं, ताकद तपासायला काँक्रीटचे ठोकळे, म्हणजे क्यूब, भरावे लागतात, किमान सात दिवसांचे निकाल बघावे लागतात. मागच्या वर्षी क्रशरबंदीत एका नव्या ठिकाणची वाळू घेतली. पहिल्याच गाडीला प्लांटवर १५० चा स्लंप, म्हणजे काँक्रीटच्या सैलपणाचं माप, होता, साइटवर पोचेपर्यंत ७० झाला. मिक्सरवाल्याला पंपवाला ओरडतो, पंपवाल्याला साइटवाला, आणि कोणीतरी हळूच पाण्याची नळी सोडतो. ती इमारत मग पन्नास वर्षं तो स्लॅब डोक्यावर घेऊन उभी राहणार. मी ती गाडी परत फिरवली. ६ घनमीटर काँक्रीट प्लांटच्या मागे ओतलं, साहेबांची बोलणी खाल्ली.

माल अडल्यावर दिवस जातात हे रोजनिशीत दिसतं. घाईने आलेला बदली माल काय करून जातो ते कुठल्याच रोजनिशीत दिसत नाही. ओळंबा, तुमचे ८ दिवस गेले ते बरं झालं असं म्हणेन.

अंजली_वाई

ट्रान्झिट दादा, गाडी परत फिरवलीत त्याबद्दल मनापासून आभार. ते घर कोणाचं होतं त्यांना कधी कळणारही नाही.

यॉर्कशायर_मराठी

मी इंग्लंडात लीड्सला क्वांटिटी सर्व्हेअर (बांधकामाच्या मालाचा आणि खर्चाचा हिशोब ठेवणारा) आहे, मूळचा सांगलीचा. इथे सगळं सुरळीत असतं असा आपल्याकडे समज आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात इथे पोत्यातलं सिमेंट मिळत नव्हतं, लाकूड मिळत नव्हतं, आणि शरद ऋतू येईतो ट्रकला ड्रायव्हर मिळेनात. इथल्या घरांची छपरं लाकडी सांगाड्यावर उभी राहतात. लाकूड नाही म्हणजे छप्पर नाही, छप्पर नाही म्हणजे आतलं काहीच नाही.

तेव्हा जे पाहिलं ते असं. माल मोजून-मापून वाटला जात होता, आणि वितरक तो द्यायचा ते वर्षानुवर्षं नियमित घेणाऱ्याला आणि वेळेवर पैसे देणाऱ्याला. दर जास्त देतो म्हणणारा नवा माणूस रांगेत मागेच राहायचा. मला वाटतं ओळंबांच्या प्रश्नाचं उत्तर गोदामात नाही, उधारीच्या वहीत आहे.

सांगलीचं एक आठवलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ पाण्याखाली गेला, ट्रकच्या मैलोगणती रांगा. आमच्या काकांच्या हार्डवेअर दुकानात पाणी उतरल्यावर पहिली गाडी आली ती त्या व्यापाऱ्याची, ज्याचे पैसे काकांनी पुराच्या आदल्या आठवड्यात चुकते केले होते.

जालना_जंक्शन

यॉर्कशायरकरांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. टंचाईत माझ्याकडे दोन गाड्या आणि आठ फोन असतात. मी कोणाला देतो? ज्याचे मागचे पैसे आलेत त्याला. हे मी तोंडावर सांगत नाही, 'मिलमधून आलंच नाही' म्हणतो. आज इथे खरं लिहितोय.

ओळंबा, राग मानू नका. ८ एमएम नव्हतं तेव्हा तुमची मागची बाकी किती होती?

ओळंबा

राग कशाला. बाकी होती. दोन महिन्यांची. पण माझीही ऐका. मालकाचा हप्ता स्लॅब पडल्यावर येतो, स्लॅब सळई आल्यावर पडतो, आणि सळई पैसे दिल्यावर येते. मी मधे उभा आहे. मालकाचंही चूक नाही, बँक त्याला टप्प्याटप्प्याने कर्ज सोडते. बँकेचा माणूस येऊन स्लॅब बघतो तेव्हा पैसे सुटतात.

मीनल_नियोजन

हे चाक मोठ्या कामातही असंच फिरतं, फक्त शून्यं वाढतात. अर्थ मंत्रालयाने १९ फेब्रुवारी २०२० ला, म्हणजे टाळेबंदीच्या महिनाभर आधीच, परिपत्रक काढलं होतं की कोरोनामुळे पुरवठा तुटला तर ते नैसर्गिक संकट धरता येईल. पुढे महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकानेही, प्रकल्पांना सहा महिन्यांची मुदतवाढ दिली. त्यामुळे विकासकाचे दिवस वाचले, दंड वाचला. पण आमच्या साखळीत खालच्या टोकाला, म्हणजे दरवाजे-खिडक्यावाला, फरशीवाला, त्यांना कोणी मुदतवाढ दिली? त्यांच्या बँकेचा हप्ता चालूच होता. आमचे दोन चांगले फॅब्रिकेटर त्या वर्षी धंद्यातूनच गेले. २०२१ मध्ये काम पुन्हा धावायला लागलं तेव्हा आम्हाला त्यांची उणीव लागली आणि ते नव्हते.

थापी

बरेच दिवस नुसतं वाचतो, आज लिहितोय. माझे वडील सेंटरिंगचे मुकादम आहेत. आम्ही विजापूरकडचे, मी सातारा जिल्ह्यातच शिकलो आणि आता एका कंपनीत ड्राफ्ट्समन आहे.

ओळंबा दादा, तुम्ही वर लिहिलंय 'टोळी दुसऱ्या साइटला पळाली'. ते वाचून वाईट वाटलं, म्हणून लिहायला बसलो.

वडिलांच्या टोळीत १४ माणसं. गावाकडून आणताना प्रत्येकाला उचल द्यावी लागते, ती वडील कर्ज काढून देतात. साइटवर दर बाजारच्या दिवशी खर्ची लागते, पीठ-तेल-मिरची-गॅस आणि पोरांना काही खाऊ. आमचे पैसे चौरस फुटावर. फळ्या लागल्या, स्लॅब पडला, तर पैसे. तुमची वाळू आठ दिवस आली नाही तेव्हा तुमच्या रोजनिशीत ८ लिहिलं गेलं. त्या आठ दिवसांत १४ माणसं पत्र्याच्या खोल्यांत बसून होती. एक बाजार निघाला असेल. दुसरा बाजार आला की मुकादमाला काम असलेली साइट शोधावीच लागते, नाही तर माणसं त्याला सोडून गावी जातात आणि त्याची उचल बुडते. आणि एकदा दुसरीकडे फळ्या ठोकायला घेतल्या की तो स्लॅब पडेपर्यंत तिथून निघता येत नाही.

तुमचे वाळूचे ८ आणि माणसांचे १० असे वेगळे नाहीत, दादा. वाळूचेच १८ आहेत.

टाळेबंदीत माझे वडील आणि ती माणसं साइटवर अडकली होती. मे मध्ये श्रमिक गाड्या सुटल्या, पण विजापूर इतकं जवळ की कोणाच्या यादीतच नाही. शेवटी टेम्पोने गेले. परत आणताना वडिलांना पुन्हा नव्याने उचल द्यावी लागली. तीन माणसं परत आलीच नाहीत. त्यातला एक चांगला कारागीर होता, डोम सेंटरिंग करायचा. आता गावात बकऱ्या पाळतो.

सेवानिवृत्त_उपअभियंता

थापी, बाळा, चाळीस वर्षं मी मोजमाप पुस्तिका भरल्या. त्यात बसून राहिलेल्या दिवसाचा रकाना नव्हता. यंत्र बसून राहिलं तर कंत्राटदार त्याचा दावा लावतो, आम्ही तो तपासायचो. माणसं बसून राहिल्याचा दावा घेऊन मुकादम कधी माझ्या टेबलाशी आला नाही. त्याला कोणी येऊच दिलं नसणार.

ओळंबा

थापी, तुझं म्हणणं वाचलं आणि रोजनिशी परत काढली. ज्या दिवशी वाळू बंद झाली त्याच्या सातव्या दिवशी मुकादम माझ्याकडे आला होता. 'शेठ, खर्ची' म्हणाला. मी म्हटलं, काम चालू होऊ दे मग बघू. आठव्या दिवशी ते गेले. माझ्याच अक्षरात लिहिलंय, मी ते जोडून कधी पाहिलं नव्हतं. 'पळाली' हा शब्द मी मागे घेतो. तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग.

अंजली_वाई

मला एक विचारायचंय, सगळ्यांनाच. आम्ही घर बांधणारी साधी माणसं. चार पैसे साठवून एकदाच घर बांधतो. आम्ही नेमकं काय करायचं? दर वाढला तर द्या, खर्ची द्या, आगाऊ द्या, हे सगळं शेवटी आमच्यापाशीच येतं ना? सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला तेव्हा वाटलं आता स्वस्ताई. ते पैसे टाइल्समध्ये गेले.

सेवानिवृत्त_उपअभियंता

रास्त प्रश्न. अंजलीताई, माझ्या मुलीच्या घराला मी जे केलं ते सांगतो. करारात सळई आणि सिमेंटचा त्या दिवशीचा दर लिहिला, बिलाची झेरॉक्स जोडली. पाच टक्क्यांपर्यंतचा चढ कंत्राटदाराचा, त्यावरचा आमचा. उतरला तर तसंच उलट. आणि हप्ते 'स्लॅब पडल्यावर' असे न ठेवता बारीक तोडले. सळई उतरली की एक, सेंटरिंग बांधून झालं की एक, काँक्रीट पडलं की एक. एकूण रक्कम तेवढीच. जास्त काही दिलं नाही, फक्त लवकर दिलं. त्याच वर्षी शेजारच्या दोन घरांची कामं सळईवाचून अडली, आमचं नाही अडलं.

वीटभट्टी_कोरेगाव

अवांतर : अंजलीताई, टाइल्सचं दुखणं जुनं आहे. मोरबीच्या भट्ट्या गॅसवर, २०२२ च्या ऑगस्टमध्ये गॅस इतका महागला की तिथले बरेच कारखाने महिनाभर बंद होते. फरशी शेवटी लागते म्हणून शेवटी ठरवतात, आणि आवडलेला रंग नेमका संपलेला असतो. आताच पेट्या घ्या. दहा टक्के जास्त घ्या, नंतर त्याच छटेची मिळत नाही.

अंजली_वाई

घेतल्या! सोळा पेट्या सध्या सासूबाईंच्या पलंगाखाली आहेत. त्या म्हणतात, घर होईपर्यंत मी फरशीवरच झोपते आहे.

जालना_जंक्शन

साष्टांग नमस्कार सासूबाईंना.

एक सुचवतो. टंचाई नसतानाच दोन दुकानदारांकडे खातं ठेवा, कितीही लहान कंत्राटदार असाल तरी. सत्तर टक्के एकाकडून, तीस दुसऱ्याकडून. सगळं एकाकडून घेतलं तर दर दोन-चार रुपये कमी पडतो, पण तो अडला की तुम्ही अडलात. मात्र निम्मं-निम्मं करू नका, मग दोघांनाही तुम्ही परके.

ट्रान्झिट_मिक्सर

वाळूच्या बाबतीतही हेच. दोन क्रशरची वाळू आम्ही आता कायम वापरतो, आणि दोन्हींची मिक्सं आधीच पास करून ठेवली आहेत. खर्च क्यूबचा आणि थोड्या वेळाचा. ज्या दिवशी एक बंद पडेल त्या दिवशी मला कोणाच्या नळीवर पहारा द्यायला लागणार नाही.

ओळंबा

मंडळी, तिसऱ्या स्लॅबचा हिशोब द्यायला आलोय. इथे एवढं शिकलो, तर सांगायला हवं.

मालकांना हा धागा वाचायला दिला. त्यांनी आणि मी बसून उपअभियंता साहेबांच्या पद्धतीने हप्ते तोडले. पहिल्या तुकड्यातून सळईवाल्याची बाकी मिटवली. ८ एमएम पहिल्या गाडीत आलं, मी स्वतः मोजून उतरवलं. मीनलताईंची उलटी यादी वहीच्या पहिल्या पानावर आहे, त्यात पंख्याचे बॉक्स एक नंबरला.

मुकादमाशी बोललो. माझ्या मालामुळे काम थांबलं तर तिसऱ्या दिवसापासून माणशी खर्ची मी देणार, बिलातून कापणार नाही. तो आधी हसला, त्याला खरं वाटलं नाही. मग वहीत लिहून सही केली तेव्हा गप्प झाला. मधे पुन्हा दोन दिवस खडी आली नाही आणि एक दिवस पाऊस. तिसऱ्या दिवसापर्यंत गेलंच नाही. टोळी जागची हलली नाही. त्या दोन दिवसांत त्यांनी जिन्याचं सेंटरिंग पुढे काढलं.

दुसऱ्या स्लॅबला आज २६ दिवस झाले. उद्या पहाटे पाचला पहिली गाडी आहे, एकूण चार गाड्या.

थापी

दादा, वडिलांना वाचून दाखवलं. ते विचारतायत, जिन्याचा चौरस फूट वेगळा धरलाय ना?

ओळंबा

धरलाय. वहीत लिहिलाय, फोटो पाठवतो.